मेल्यावरचा पाटील

इजिप्त म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं पिरॅमिड येतो. शाळेच्या पुस्तकात चित्र असतं, खाली दोन ओळी. त्या दगडाखाली देव कुणाचा आणि पाठ कुणाची, ते पुस्तक सांगत नाही.

इजिप्तच्या माणसाला वाटे, मरण म्हणजे गाव बदलणं. पलीकडच्या गावाचा राजा ओसायरिस. तिथं तराजूच्या एका पारड्यात मेलेल्याचं काळीज, दुसऱ्यात मात देवीचं पीस. मात म्हणजे सत्य, न्याय. काळीज जड भरलं की राक्षसीण ते खाऊन टाकी. ऐकायला झकास! पण या न्यायाच्या दारातही मानपान होता. सुमारे ४३०० वर्षांपूर्वी ऊनास राजाच्या पिरॅमिडात पलीकडं जायचे मंत्र भिंतीवर कोरले, ते राजासाठी. पुढं ते सरदार-अंमलदारांच्या शवपेट्यांवर आले. मग पोथ्या निघाल्या. नावाची जागा कोरी; पैसे मोजा, नाव घाला. ज्याच्याजवळ काहीच नाही तो वाळूच्या खड्ड्यात.

त्या स्वर्गातही शेत होतं. म्हणजे राबणं आलंच. म्हणून थडग्यात लहान बाहुल्या ठेवत, मालकाच्या बदली राबायला. कुणाच्या थडग्यात ३६५ गडी, दिवसाला एक. वर ३६ मुकादम. वेठबिगार तिथंही सुटली नाही!

थडगी खोदणारे मात्र बाहुल्या नव्हते. तिसऱ्या रामेसिसच्या २९ व्या वर्षी, इ.स.पू. ११५० च्या सुमारास, त्यांचं मजुरीचं धान्य थकलं. त्यांनी काम टाकलं अन् देवळामागं जाऊन बसले. भुकेनं आलो म्हणाले. लेखी पुरावा असलेला जगातला पहिला संप हाच मानतात.

म्हणाल, हे नाईलचं झालं, आपल्या गिरणेचं काय? चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बहाळ आहे. १९५० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्यानं तिथं खोदलं. नदीपलीकडं टेकवाड्याला तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी पुरलेली माणसं निघाली, सोबत मडकी. मेलेल्यालाही तहानभूक असते, ही समजूत इथलीही.

तसलीच जोर्वे मडकी वापरणारी माणसं पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला राहत. १९६८ पासून डेक्कन कॉलेजनं तिथं वर्षानुवर्षं खोदकाम केलं. मातीच्या पेटीत बिनडोक्याची देवी सापडली, सोबत बैल. पोर मेलं की दोन मडक्यांची तोंडं जोडून त्यात घालत अन् घरातच पुरत. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालून पाय तोडत. भूत होऊन चालत परत येऊ नये म्हणून, असा विद्वानांचा तर्क. पण पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला माणूस निघाला. त्याचे पाय शाबूत! तो गावचा म्होरक्या असावा म्हणतात. म्हणजे पाटील मेल्यावरही पाटीलच.

आता आपल्या आज्या-पणज्याचं बघा. गावात माणूस मेला की सांगावा घेऊन गावोगाव पळायचं महारानं. सरणाची लाकडं आणायची महारानं. मोबदला काय, तर मढ्यावरचं कापड. अन् आपलं मढं मात्र वेगळ्या मसनवट्यात. कित्येक गावांत तो मसनवटा आजही वेगळाच आहे.

नाईल, घोड, गिरणा, नद्या वेगळ्या. पण माणसानं परलोक रचला तो इहलोकाकडं बघून. इथं जो खाली, तो तिथंही खाली. म्हणून ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत, श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, हीही एक आहे. ती नुसती कर्मकांडाविरुद्ध नाही, मेल्यावर चालणाऱ्या पाटिलकीविरुद्धही आहे.

आपण ती पाठ म्हणतो. पण गावातला मसनवटा एक व्हावा म्हणून आपल्यापैकी किती जण ग्रामसभेत उठून बोललेत?