सणसरची वाट आणि वाटेचा धर्म

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या वाटेवर सणसर हें गांव लागतें. राजांच्या इतिहासांत अशा गांवांस स्थान क्वचितच मिळतें. परंतु रस्ता कोणाचा, या प्रश्नाचा इतिहास ज्यास वाचावयाचा असेल, त्यानें सणसरच्या रस्त्याकडेला घटकाभर उभें राहावें.

इ. स. १६८५ च्या सुमारास तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनीं पालखी काढण्याचा परिपाठ घातला. देहूची ती पालखी आषाढी एकादशीपूर्वीं बारामती सोडून काटेवाडीस येते, तेथें मेंढ्यांचें रिंगण होतें, आणि पुढें ती सणसरास मुक्कामाला पोंचते. कोणती दिंडी रथापुढें, कोणती मागें, हें ठरलेलें असतें. पताकाकरी पुढें, टाळकरी ओळीनें, त्यांच्यामध्यें विणेकरी, आणि चोपदारानें दंड उंचावला कीं सारा गजर शांत होतो. एवढा समुदाय शिपायाच्या धाकानें ओळींत चालत नाहीं. शेजाऱ्याचें पाऊल आपल्या पावलाशीं बांधलेलें आहे, या जाणिवेनें चालतो.

पुढें १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा निघाला व या कोरड्या मुलखांत ऊस आला. विसाव्या शतकांत वालचंदनगर व भवानीनगर येथें साखरेचे कारखाने उभे राहिले, आणि उसाच्या बैलगाड्यांनीं रस्ते भरून गेले. गाडीवानास डुलकी लागली तरी बैल वाट सोडीत नसत. आसाखालीं टांगलेला कंदील मागून येणारास पुरे होई. चुका तेव्हांही होत, परंतु वेगच अल्प असल्यामुळें चुकीचें मोलही अल्प असे.

यंत्रवाहनानें हा हिशेब मोडला. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्यानें अशा वाहनास खेड्यापाड्यांतून ताशीं ४ मैल व शहरांत २ मैल अशी मर्यादा घातली, आणि लाल निशाण घेतलेला मनुष्य त्याच्यापुढें चालवावा असें फर्माविलें. आज हा नियम हास्यास्पद वाटतो. पण त्यामागील न्याय हास्यास्पद नव्हता. जो वेग आणतो, त्यानेंच इतरांस सावध करावें, असा तो न्याय होता. वाहनापुढें माणूस चालविण्याचें बंधन १८९६ सालीं उठलें आणि हळूहळू न्याय उलटा झाला: वाहनवाल्यानें जावें व पायीं चालणारानें जपावें! हिंदुस्थानांत १९१४, १९३९ व १९८८ सालीं मोटारींचे कायदे झाले. १९८९ पासून रस्ता सुरक्षा सप्ताहही पाळला जाऊं लागला. परवाना, दिवा, वेग, दंड यांची व्यवस्था लागली. परंतु दंडाचें भय शिपाई दिसतो तेथवरच पोंचतें. रात्रीं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून निघालेल्या ट्रॅक्टरच्या मागें शिपाई नसतो. तेथें तांबड्या चकाकत्या पट्टीचा एक तुकडाच काय तो मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवाचा रखवालदार. गळिताच्या हंगामांत ती पट्टी लावण्याचा आळस करणारा मनुष्य दुष्ट नसतो; मागून येणारा त्याला दिसत नाहीं, इतकेंच.

दोष एका बाजूचाच आहे असें मात्र नव्हे. पुढील वळणापर्यंतचा फेरा चुकविण्यासाठीं उलट दिशेनें दुचाकी दामटणारा गांवकरी आणि अंधारांत रस्त्यावर गुरें आणणारा गुराखी यांसही हा धर्म लागू आहे. तथापि ज्याच्या हातीं अधिक बळ, त्याचें दायित्व अधिक, हें तत्त्व कोणत्याही नीतिशास्त्रास मान्य व्हावें. १९ नोव्हेंबर २०१९ रोजीं दिवे घाटांत संत नामदेवांच्या पालखी सोहळ्यांत माती उकरण्याचें यंत्र शिरलें व दोघे वारकरी प्राणांस मुकले. त्या दिवशीं वारकऱ्यांची शिस्त त्यांस वांचवूं शकली नाहीं.

८ नोव्हेंबर २०२१ रोजीं पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची कोनशिला बसली. पायीं चालणारांसाठीं कडेनें निराळी वाट राखण्याचें त्यांत योजिलें आहे. हें स्तुत्यच होय. परंतु रुंद रस्ता वेगासही आमंत्रण देतो, आणि निराळी वाट वर्षाचे सर्व दिवस मोकळी राहील ती लोकांच्या संवयीनेंच.

ती संवय आपणांस परकी नाहीं. आषाढवारीच्या दिवसांत याच रस्त्यावर वाहनें वळविलीं जातात, आणि घाईंतला मनुष्यही निमूटपणें थांबून हात जोडतो. पालखी पुढें जाते. आठ दिवसांनीं त्याच जागीं डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक बाई रस्ता ओलांडण्यासाठीं उभी असते. जो पालखीपुढें थांबूं शकला, त्यास तिच्यापुढें थांबतां येत नाहीं, असें म्हणण्याची सोय उरलेली नाहीं.