आसवाचा घट

तांबरमहून चेन्नई शहराकडे जाताना वाटेत पल्लावरम लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर री यांना तेथे भाजलेल्या मातीची लांबट शवपेटिका सापडली. तिच्या तळाशी पायांच्या ओळी होत्या. महापाषाणयुगातील ज्या कुंभारांना एवढे पात्र न तडकता भाजता येत होते, त्यांच्या वारसांना मोठा रांजण घडविणे खचित अवघड नव्हते. असे असूनही प्राचीन ग्रंथांतील घरगुती मद्याचे प्रमाण द्रोणाभोवतीच घोटाळते. त्याचे कारण कुंभाराच्या चाकापाशी नव्हे, तर आंबण्याच्या क्रियेतच शोधावे लागते.

घरी मद्य करण्याची मुभा कौटिल्यानेही दिली आहे. सुराध्यक्षाचा कडक पहारा सांगणाऱ्या त्याच प्रकरणात, कुटुंबीयांनी मंगलकार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करावे, असे तो म्हणतो. मेदक नावाच्या मद्याचे प्रमाणही तो देतो: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. घट केवढा असावा, हे मात्र सांगत नाही. घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट लिहावी कशाला, असे त्यास वाटले असावे!

पुढे शार्ङ्गधराने अरिष्टाचा सर्वसाधारण नियम घालून दिला. प्रमाण सांगितले नसेल तेथे एक द्रोण द्रवात एक तुला गूळ, अर्धी तुला मध आणि गुळाच्या दशांशाने प्रक्षेपद्रव्ये घालावीत. आजच्या औषधसूत्रांच्या मानाने द्रोण सुमारे १२ लिटरांचा व तुला ४.८ किलोंची. गूळ विरघळला तरी जागा व्यापतोच. मध धरून सारे मिश्रण १७ लिटरांच्या घरात जाते. द्रोणभर काढा आहे म्हणून द्रोणाचेच भांडे घेणाऱ्याची फजिती येथेच ठरलेली. शिवाय आंबताना कर्बद्विप्राणिल वायू सुटतो, फेस चढतो, प्रक्षेपाचा चोथा वर येऊन तोंडाशी दाटतो. म्हणून घटाचा चौथा भाग रिता ठेवण्याचा वैद्यांचा परिपाठ आहे. त्या हिशेबाने १७ लिटरांस सुमारे २३ लिटरांचा घट लागतो. त्याहून लहान घेतला, तर फेस उतू जातो. तोंड घट्ट लिंपले असेल, तर घटच फुटतो.

मग मोठाच रांजण का घेऊ नये? पात्राची उंची व रुंदी दुप्पट केली की आतील द्रव आठपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग चौपटच वाढतो. किण्व स्वतः उष्णता निर्माण करते, आणि ४० अंशांच्या आसपास ते निपचित पडते. तांबरमकडच्या वैशाखात हवाच कधी कधी तेवढी तापते. अशा मुलखात लहान घटाला वारा लागून तो निवतो; मोठा रांजण आतल्या आत धुमसतो, आणि अर्धवट आंबलेला रस लवकरच शुक्त, म्हणजे आंबट शिर्का, होऊन बसतो. धान्याच्या राशीत किंवा जमिनीत घट पुरण्याची आयुर्वेदातील रीत तापमानाची ही चढउतार आवरण्यासाठीच उपयोगी पडे.

रोमन लोकांनी निराळी वाट धरली. शेकडो लिटरांचे ‘डोलियम’ रांजण ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरीत. भुई थंड असली की आकार वाढविता येतो. प्लिनीही सांगतो की, हे रांजण कधी काठोकाठ भरू नयेत. मद्य तयार झाले की ते अरुंद मानेच्या ‘अँफोरा’ कुंभांत ओतून जहाजावर चढे. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलरने पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे खणले, तेव्हा अशा कुंभांची खापरे निघाली. पुढे पालारच्या मुखाशी वसवसमुद्रम येथेही ती मिळाली. रोमन मापातला अँफोरा सुमारे २६ लिटरांचा, म्हणजे वैद्याच्या घटाहून फारसा मोठा नाही. दोघांचे काम मात्र उलटे होते. घटाची रिती जागा आंबण्यासाठी हवी. अँफोरा साठवणीचा, त्यात रिती जागा राहिली तर हवा शिरून मद्य आंबट व्हावयाचे. म्हणून त्याचे तोंड बुचाने बंद करून वरून लिंपीत असत.