टर्नटेबलची जोडणी व हमिंग

टर्नटेबल हे ध्वनिमुद्रिका वाजवण्याचे यंत्र ध्वनिवर्धकाला जोडताना संकेताची पातळी, समकरण आणि अर्थिंग या बाबी साधाव्या लागतात. त्यांत चूक झाल्यास गाण्याखाली अखंड ‘घूं’ असा आवाज येतो. दुरुस्ती करणारे त्याला हमिंग म्हणतात.

मूर्तिजापूर येथे जन्मलेले वसंतराव देशपांडे यांचे गायन, तसेच अमरावतीचे कवी सुरेश भट यांची गीते तबकड्यांवर उपलब्ध आहेत. जुन्या संग्रहांमुळे वऱ्हाडातही हा प्रश्न अधूनमधून उद्भवतो.

जोडणी

चुंबकीय पिकअपमधून केवळ काही मिलिव्होल्टचा संकेत मिळतो. त्यासाठी फोनो प्रीअँप्लिफायर आवश्यक असतो. तो ध्वनिवर्धकात अंतर्भूत असतो किंवा वेगळा घ्यावा लागतो. तबकडी कोरताना मंद्र स्वर दाबलेले असतात आणि प्रीअँप्लिफायर ते आरआयएए वक्रानुसार पुन्हा उचलतो. एचएमव्ही फिएस्टासारख्या जुन्या यंत्रांतील स्फटिक किंवा सिरॅमिक पिकअपचा संकेत मात्र बराच मोठा असतो; तो फोनो खोबणीत दिल्यास आवाज फाटतो. लाल पिन उजव्या वाहिनीची, पांढरी डाव्या वाहिनीची. यांखेरीज असणारी बारीक सुटी तार ध्वनिवर्धकावरील ‘ग्राउंड’ स्क्रूला लावतात. हमिंगच्या बहुतेक तक्रारी ही तार न लावल्यामुळे किंवा ती गंजल्यामुळे असतात.

हमिंगची कारणे

भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे. आरआयएए वक्रानुसार १,००० हर्ट्‌झच्या तुलनेत ५० हर्ट्‌झचा संकेत सुमारे ७ पट वाढतो, म्हणून अन्य उपकरणांत न जाणवणारा दोष येथे ठळक होतो. वाजवणारी दांडी तबकडीच्या मध्याकडे सरकताना हमिंग बदलत असल्यास जवळचा ट्रान्सफॉर्मर कारणीभूत असतो. ध्वनिवर्धक दूर ठेवावा. उन्हाळ्यात कूलर बंद करून पाहणेही उपयोगी ठरते. एकाच बाजूला हमिंग असल्यास वीज बंद करून ध्वनिवर्धकाकडील डाव्या-उजव्या पिना अदलाबदल कराव्यात. आवाज दुसऱ्या बाजूला गेला तर दोष टर्नटेबल, पिकअप किंवा तारेत आहे. जागेवरच राहिला तर ध्वनिवर्धकात. केबल जोडलेला दूरदर्शन संच त्याच ध्वनिवर्धकाला लावला असल्यास अर्थचे दुहेरी वर्तुळ तयार होते. सर्व उपकरणे सोडवून एकेक परत जोडल्यास ते उघड होते.

सुई उचलताच थांबणारी आणि आवाज वाढवल्यावर बळावणारी घुमघुम हमिंग नसते. ती स्पीकरची कंपने सुईपर्यंत पोहोचल्याने होते. टर्नटेबल व स्पीकर एकाच टेबलावर ठेवू नयेत.

अर्थिंग व सुरक्षितता

वर्तुळ तोडण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची पिन काढण्याचा सल्ला काही जण देतात. हमिंग त्याने थांबतेही, परंतु पुढे आत विजेची गळती झाल्यास धातूचे आवरण जिवंत होते आणि स्पर्श करणाऱ्याचा प्राण जाऊ शकतो. अमरावती व अकोला भागातील काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल गेल्यास रोध वाढतो. म्हणून खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालतात. आवरणाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर टर्नटेबल बाजूला ठेवून आधी परवानाधारक तंत्रज्ञाकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.