जुन्या कागदावरचं पुसट अक्षर वाचायचं कसं?

जात पडताळणीचा अर्ज भरायची वेळ आली की घरातली पत्र्याची पेटी उघडली जाते. मोमीन, बागवान, पिंजारी, अत्तार अशा इतर मागास वर्गातल्या घरांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. छप्परबंदांसारख्या विमुक्त जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. पेटीतून दादाजानचा शाळेचा दाखला निघतो, निकाहनामा निघतो, कोतवाल बुकाची नक्कल निघते. आणि नेमकी कामाची ओळ उडालेली असते.

अकोला-अमरावतीकडच्या आम्हा शिक्षकांकडे पालक असे कागद घेऊन येतात. एका पालकांनी पुसट अक्षर बॉलपेनने गिरवून आणलं होतं. दुसऱ्यांनी कागद लॅमिनेट करून आणला. हेतू चांगला, पण दोन्ही ठिकाणी नुकसान झालं. गिरवलेला कागद संशयास्पद ठरतो, आणि गरम प्लास्टिक चिकटलं की ते घरी सुटत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ९२ नुसार तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला, तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर खरं आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. आपल्याच पेनाने हा फायदा का घालवायचा? म्हणून मूळ कागदाला हात लावू नका, जे करायचं ते त्याच्या फोटोवर करा.

आधी शाई ओळखा. जुने फारसी, उर्दू आणि मोडी कागद बहुतेक काजळ आणि डिंकाच्या काळ्या शाईत असतात. ही शाई उन्हाने उडत नाही, पण पाणी लागलं की फुटते, म्हणून ओला बोळा फिरवू नका. मायफळ आणि हिराकस यांची शाई काळाने तपकिरी पडते. दौतीतल्या निळ्या-काळ्या शाईतला निळा रंग जातो आणि लोहाची फिकट खूण मागे राहते. साध्या निळ्या शाईत आणि जांभळ्या शिक्क्यात नुसता रंग असतो. ऊन लागलं की तो उडतो, आणि मग मागे फारसं काही उरत नाही.

लोहाची शाई असेल तर आशा जास्त. अतिनील टॉर्चच्या प्रकाशात कागद उजळतो आणि लोहाची शाई तो प्रकाश शोषून घेते, त्यामुळे अक्षर गडद दिसतं. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घ्या. स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ चे असतात, त्यांचा जांभळा उजेडच जास्त पडतो. अंधाऱ्या खोलीत अर्धा-एक मिनिट पुरे, डोळ्यांवर उजेड नको, लेकरांच्या हातात तर नकोच. बॉलपेनचं अक्षर उडालं असेल तर साधा टॉर्च कागदाच्या कडेने आडवा धरा. टोकाने पडलेली खाच सावलीत दिसते.

नंतर रंगीत स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. काळा-पांढरा स्कॅन नको, त्यात फिकट अक्षर कायमचं गळतं. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे करता येतात. तपकिरी अक्षर बहुधा निळ्या थरात उठून दिसतं, निळी शाई लाल थरात. पिवळे डागही लाल थरात फिके पडतात. तिन्ही थर पाहा, मग कॉन्ट्रास्ट वाढवा.

उर्दू कागदासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. डाग पुसणारा फिल्टर वापरू नका. त्याला नुक्ताही डागच वाटतो, आणि एक नुक्ता गेला की ‘बे’ आणि ‘नून’ यांत फरक राहत नाही. शिकस्ता लिपीत आधीच नुक्ते कमी असतात. मोबाइलमधलं ‘फोटो सुधारा’ बटणही टाळा, ते नसलेलं अक्षर बनवून देतं. तारीख वाचताना हिजरी, फसली आणि इसवी यांची गल्लत होते. दक्खनच्या फसली सालात साधारण ५९० मिळवले की इसवी साल येतं. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. आपला वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांत फसली साल भेटू शकतं.

शाई उठवणारं रसायन लावून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या विद्वानांनी जुन्या पोथ्यांवर मायफळाचा अर्क फासला. अक्षर थोडा वेळ दिसलं, नंतर पानं काळी पडली. त्यात व्हॅटिकनच्या ग्रंथालयातले आन्जेलो माई यांचंही नाव आहे. याउलट, आर्किमिडीजचा खरडून पुसलेला मजकूर १९९८ नंतर बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयाच्या प्रकल्पात बराचसा वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशातल्या छायाचित्रांवरूनच वाचला गेला.

आणि इतकं करूनही ओळ लागली नाही, तर दुसरी प्रत शोधा. नोंदणीकृत खरेदीखत किंवा वक्फनाम्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पुस्तकात असते. कोतवाल बुकासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या. दाखल्यासाठी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. शाळेत जाताना दादाजानचं पूर्ण नाव आणि अंदाजे प्रवेशाचं साल लिहून न्या, म्हणजे रजिस्टर पहिल्या पानापासून उलटावं लागत नाही.