वनस्पतीचे देणे आणि रसायनज्ञाची भर

आपला नगर जिल्हा कांद्याचा. बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या फोलपटांचा खच पडतो आणि आपण तो तुडवीत जातो. त्या फोलपटांच्या पिवळसर रंगामागे क्वेर्सेटिन नावाचे द्रव्य आहे. अशा द्रव्यांच्या कुळास फ्लॅव्होनॉइड म्हणतात. क्वेर्सेटिनाचा सांगाडा तीन कड्यांचा. दोन कडी एकमेकांस चिकटलेली, तिसरे बाजूस जोडलेले. या घडणीला फ्लॅव्होन असे नाव आहे.

हा सांगाडा मनुष्यास स्वतः उभारता येईल काय? इ. स. १९३३-३४ च्या सुमारास लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी आणि इंग्लंडात विल्सन बेकर यांनी, स्वतंत्रपणे, त्याची एक वाट दाखविली. ती आजही या दोघांच्या जोडनावाने ओळखली जाते. वेंकटरामन पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख झाले आणि १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक.

परंतु सांगाडा उभारणे निराळे आणि त्यातून औषध घडविणे निराळे. या दुसऱ्या कामाची कथा मुंबईत मुलुंडला घडली. तेथे होक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र होते. कडुनिंबाच्या कुळातील, सह्याद्रीतही आढळणाऱ्या डिसॉक्सिलम या वृक्षातून तेथील शास्त्रज्ञांनी रोहितुकिन हे द्रव्य वेगळे केले. दाह शमविण्याचा गुण त्यात दिसला. त्याची घडण व कृत्रिम निर्मिती १९८८ साली प्रसिद्ध झाली. मात्र त्यात फ्लॅव्होनचे तिसरे कडे नव्हते. त्या जागी नुसता मिथिल गट होता. रसायनज्ञांनी तेथे क्लोरीनयुक्त कडे आणले, आणि नायट्रोजन असलेला झाडाचा मूळ भाग तसाच राखला. हेच फ्लॅव्होपिरिडॉल.

या एका फेरबदलाने गुण पालटला. पेशींच्या विभाजनास चालना देणारी विकरे हे द्रव्य रोखते. त्या जातीच्या द्रव्यांपैकी माणसांवर चाचणी झालेले हे पहिलेच. ती १९९० नंतरच्या दशकात सुरू झाली. पण मानवी रक्तातील प्रथिनांना ते घट्ट चिकटून बसे आणि मोकळे थोडेच उरे. म्हणून रक्ताच्या कर्करोगात वैद्यांनी रीत बदलली. काही भाग अर्ध्या तासात, उरलेला चार तासांत शिरेवाटे दिला. काही रोग्यांना गुण आला; काहींत रोगट पेशी इतक्या झपाट्याने मेल्या की त्यानेच जीव धोक्यात आला. एवढ्या वर्षांच्या चाचण्यांनंतरही सर्वसाधारण वापराचा परवाना त्यास मिळालेला नाही.

झाडपाल्याचे म्हणून निर्धोक, हा समज भोळा आहे. आणि माणसाने सुधारले म्हणजे औषध झाले, हाही तितकाच. झाड आरंभ करून देते, रसायनज्ञ त्यात भर घालतो. निवाडा मात्र रोग्याच्या खाटेपाशीच होतो.