बस्तीचे पाणी कोण ओढते?

बेंबीइतक्या पाण्यात उकिडवे बसावे, गुदद्वारात नळी घालावी आणि आधाराचे आकुंचन करावे. पंधराव्या शतकातील ‘हठयोगप्रदीपिके’त स्वात्मारामाने बस्तिकर्माचा विधी असा सांगितला आहे. पाणी नळीवाटे आतड्यात चढते, नंतर ते बाहेर टाकायचे. पण ते वर चढवते कोण?

श्लोक वाचणाऱ्यास उत्तर सोपे वाटते: गुदद्वाराचा स्नायू. तो आवळला, की पाणी ओढले गेले. या सोप्या उत्तरातच गफलत आहे.

शरीरातील द्वारे मिटणाऱ्या कडेवजा स्नायूला वैद्यक स्फिंक्टर म्हणते. ‘घट्ट आवळणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून तो शब्द आला. आपल्याकडेही ही जाण जुनी आहे. ‘सुश्रुतसंहिते’च्या निदानस्थानात, मूळव्याधीच्या प्रकरणात, गुदातील तीन वळ्या शंखाच्या वेढ्यांसारख्या वर्णिल्या आहेत: प्रवाहिणी, विसर्जनी आणि संवरणी. म्हणजे ढकलणारी, सोडणारी आणि मिटणारी. आजच्या शरीररचनाशास्त्राशी त्या ओढूनताणून जुळवण्याचे कारण नाही. पण नावे कामावरून दिली आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आधुनिक शास्त्राला येथे दोन कडी दिसतात. आतले कडे आपल्या इच्छेत नाही. एरवी, झोपेतही, दार मिटलेले ठेवण्याचा मोठा भार त्याच्यावर असतो. बाहेरचे कडे इच्छेने आवळता येते. मलाशय ताणले गेले की आतले कडे आपोआप सैल पडते, हे विल्यम गॉवर्स या इंग्रज वैद्याने १८७७ साली नोंदवले. मग बाहेरचे कडे आवळून माणूस योग्य वेळेपर्यंत थांबतो. कडे आवळले की वाट बंद, सैल पडले की खुली. ओढून घेणे हे दाराचे काम नव्हे.

ही गोष्ट मोजून पाहणारा माणूस संस्कृतचा पंडित होता, वैद्य नव्हे. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, डभोई. बडोद्यात प्रा. माणिकरावांकडे त्यांनी व्यायामविद्या घेतली, खानदेशात अमळनेरला अध्यापन केले आणि नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासांचे शिष्यत्व पत्करले. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. १९२० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डीयान आणि नौली या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास आरंभला. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले आणि हे प्रयोग त्यात छापले गेले.

उपकरण साधेच होते: आतड्यातील दाब दाखवणारा दाबमापक. साधक नौली करू लागला, की तेथील दाब वातावरणाच्या दाबाखाली उतरत असे.

कारण असे. श्वास पूर्ण सोडून साधक स्वररंध्र मिटतो आणि श्वास न घेताच छाती फुगवतो. फुप्फुसात हवा शिरू शकत नाही, म्हणून श्वासपटल वर ओढले जाते आणि पोट खोल जाते. नौलीत पोटाचे उभे स्नायू पुढे काढले, की उदराची पोकळी आणखी वाढते. दाब पडतो आणि बाहेरचे पाणी नळीवाटे आत ढकलले जाते. येथे दोन द्वारांचा विलक्षण जोड आहे: वर घशाचे दार मिटलेले हवे आणि खाली गुदाचे दार उघडे. नळीचे प्रयोजनही यातूनच कळते. आवळलेल्या दारात ती वाट खुली ठेवते. आकुंचनाचा उपयोग आत आलेले पाणी राखण्यास. आणण्यास मात्र नौलीच हवी.

शिष्याने परंपरेचा विधी राखला आणि त्याचे कारण मोजमापावर नव्याने उभे केले. ग्रंथप्रामाण्य मोठे मानणाऱ्या त्या काळात हे लहान धाडस नव्हते. आतड्यातील त्या ऋण दाबाला त्यांनी नाव दिले गुरूचे: ‘माधवदास व्हॅक्यूम’.

१९४८ साली अमेरिकेत अर्नोल्ड केगल यांनी श्रोणितलाच्या स्नायूंच्या व्यायामावर निबंध प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर लघवी न थोपवता येणाऱ्या स्त्रियांना ते हे स्नायू आवळायला शिकवीत, आणि स्नायूंचे बळ वाढते की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनीही एक दाबमापकच वापरला.