ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट कसा जोडायचा, कसा काढायचा?

द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर असो वा शेतातला रोटाव्हेटर, त्याला ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मिळते ती पीटीओ शाफ्टमधून. हा शाफ्ट साधारणपणे मिनिटाला ५४०, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. त्यात ओढणी किंवा बाही अडकली, तर सोडवायला वेळच मिळत नाही.

जोडताना: पीटीओ बंद करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करून चावी काढा. खाचा पुसून ग्रीस लावा. लॉकची पिन दाबून शाफ्ट ‘खट्’ आवाज येईपर्यंत सरकवा, मग ओढून खात्री करा. कव्हरची साखळी अडकवा, म्हणजे शाफ्टसोबत कव्हर फिरत नाही.

काढताना: अवजार जमिनीवर टेकवा, पीटीओ आणि इंजिन बंद करा. शाफ्ट पूर्ण थांबल्यावरच पिन दाबा.